वर्ध्याचा 'निर्धोक काळ' आणि न दिसणारा एक दिवस

डिसेंबर १९३५ चा पहिला आठवडा. वर्ध्याच्या मगनवाडीत महात्मा गांधींचा मुक्काम होता. संततिनियमनाच्या चळवळीसाठी अमेरिकेत तुरुंगवास भोगलेल्या मार्गारेट सँगर त्यांना भेटण्यासाठी तेथे आल्या. कृत्रिम साधनांना गांधींची संमती मिळाली तर हिंदुस्थानातील लक्षावधी स्त्रियांची वाट मोकळी होईल, ही त्यांची आशा. गांधी मात्र ब्रह्मचर्यावर ठाम होते. पत्नीने पतीला नकार द्यायला शिकावे, एवढाच त्यांचा उपाय. या संभाषणाचा वृत्तान्त महादेवभाई देसाई यांनी पुढच्याच महिन्यात 'हरिजन'मध्ये छापला.

दोघांचे जमले नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या संभाषणातली एक बारीक फट मात्र सहसा कोणी सांगत नाही. महिन्यातील ज्या दिवसांत गर्भ राहत नाही त्या 'निर्धोक' दिवसांपुरताच संग ठेवण्याची पद्धत गांधींना इतर साधनांइतकी त्याज्य वाटली नाही. उरलेल्या दिवसांत तरी संयम पाळावाच लागतो, हे त्यांचे कारण. स्वतंत्र भारताचे पहिले कुटुंबनियोजन याच फटीतून आत आले, आणि याच फटीत अडकलेही.

कारण ही सारी पद्धत एका दिवसावर उभी होती, आणि तो दिवस कोणाला दिसत नव्हता.

तो दिवस म्हणजे अंडमोचनाचा. स्त्रीच्या अंडाशयातून परिपक्व बीज बाहेर पडते तो. पाळी येते ती दिसते. तिच्याभोवती विटाळ, न्हाण, ऋतुशांती, गर्भाधान असे रूढींचे मोठे जाळे विणले गेले. बीज सुटते ते निमूटपणे. क्वचित ओटीपोटात एका बाजूला कळ येते, एरवी काहीच नाही. मग जे दिसते त्यावरूनच न दिसणाऱ्याचा अंदाज बांधायचा, हे जगभर घडले. मनुस्मृतीने रजोदर्शनापासून सोळा रात्रींचा ऋतुकाल धरला आणि त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य ठरवल्या. सुश्रुताने हा काळ बारा रात्रींचा मानला. सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी या गणिताला काही आधार नाही. पण गर्भधारणेचा काळ पाळीनंतरच्या दिवसांत असतो, हा अंदाज ढोबळमानाने बरोबर होता.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यकाने तेवढेही साधले नाही. १८२७ साली कार्ल फॉन बेअर यांनी कुत्रीच्या शरीरात सस्तन प्राण्याचे बीज प्रथम पाहिले, आणि लवकरच स्त्रीची पाळी म्हणजे जनावराचा माजच, असे समीकरण रूढ झाले. माजावर आलेल्या कुत्रीला रक्तस्राव होतो आणि त्याच सुमारास बीज सुटते. तेव्हा स्त्रीचेही तसेच असणार! परिणामी दोन पाळ्यांच्या मधले दिवस 'सुरक्षित' म्हणून प्रतिष्ठित डॉक्टर सांगू लागले. नेमके सर्वांत जोखमीचे दिवस. त्या सल्ल्यावर विसंबून किती बाळंतपणे झाली असतील, याची नोंद कोणी ठेवली नाही.

ही चूक दुरुस्त केली ती जपानच्या निइगाता शहरातील क्यूसाकू ओगिनो या स्त्रीरोगतज्ज्ञाने. पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या स्त्रियांना ते आधीच्या पाळीची तारीख विचारत, शस्त्रक्रियेच्या वेळी अंडाशयावर पीतपिंड तयार झाला आहे का ते पाहत आणि मग पुढची पाळी केव्हा येते याची वाट बघत. बीज सुटल्यावर मागे उरलेल्या पुटिकेचा जो पिवळसर गोळा होतो तो पीतपिंड. तो दिसला म्हणजे बीज सुटून गेले. या नोंदींतून त्यांनी १९२४ साली निष्कर्ष मांडला: अंडमोचन पुढच्या पाळीच्या आधी बारा ते सोळा दिवस होते. ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस वेगळ्या प्रयोगांवरून स्वतंत्रपणे जवळपास तेथेच पोहोचले.

येथे वाचकाने एक शब्द नीट पाहावा. 'पुढच्या' पाळीच्या आधी. मागच्या पाळीनंतर नव्हे.

पाळीच्या चक्राचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून पुटिका वाढवणारे संप्रेरक स्रवते. अंडाशयातील काही पुटिका वाढू लागतात, त्यांतील एक पुढे जाते आणि इस्ट्रोजेन स्रवू लागते. हा भाग किती लांबेल याचा नेम नाही. आजारपण, कुपोषण, चिंता, वय यांपैकी कशानेही तो ताणला जातो. इस्ट्रोजेनची पातळी पुरेशी वाढून दोनेक दिवस टिकली की पीयूषिका ग्रंथीतून दुसऱ्या संप्रेरकाचा, एलएचचा, मोठा लोंढा येतो. लोंढा सुरू झाल्यापासून सुमारे ३४ ते ३६ तासांनी बीज सुटते. मग दुसरा भाग: पीतपिंड प्रोजेस्टेरॉन निर्माण करतो, गर्भाशयाचे अस्तर तयार ठेवतो आणि गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत विरून जातो. पाळी येते. पीतपिंडाचे आयुष्य बरेचसे ठरलेले असल्यामुळे हा दुसरा भाग फारसा बदलत नाही. म्हणून ओगिनोंचा हिशेब मागून पुढे नव्हे, पुढून मागे.

पुढची पाळी तर अजून यायची असते. न आलेल्या तारखेपासून मागे मोजायचे कसे? यावर तोडगा निघाला तो असा: वर्षभराच्या पाळ्यांची नोंद ठेवावी. सर्वांत लहान चक्राच्या दिवसांतून १८ वजा करावेत, सर्वांत मोठ्यातून ११. समजा एखाद्या स्त्रीची चक्रे २५ ते ३२ दिवसांची आहेत. मग तिचे जोखमीचे दिवस सातव्यापासून एकविसाव्यापर्यंत. म्हणजे सलग पंधरा दिवस. उरलेल्या दिवसांत पाळीचे चार-पाच धरले तर शिल्लक काय राहते, ते प्रत्येकाने पाहावे.

खुद्द ओगिनोंना आपले संशोधन संततिनियमनासाठी वापरले जाणे पसंत नव्हते. मूल हवे असणाऱ्या जोडप्यांना योग्य दिवस सांगता यावा, हा त्यांचा हेतू. गर्भ टाळण्यासाठी ही मोजणी पुरेशी भरवशाची नाही, असे त्यांनी वारंवार बजावले. ऐकणार कोण? १९३० मध्ये पोपने कृत्रिम साधनांचा निषेध केला, १९३२ मध्ये शिकागोचे डॉक्टर लिओ लॅट्झ यांनी 'ऱ्हिदम' या नावाने कॅथलिक जोडप्यांसाठी या गणनेचे पुस्तक काढले आणि ती जगभर पसरली. वर्ध्याच्या संभाषणापर्यंत ती येऊन पोहोचली होती, यात नवल नाही. पाप न करता परिणाम टाळण्याची सोय रोममध्ये जितकी हवी होती तितकीच मगनवाडीत.

महाराष्ट्रात त्या वेळी दुसरा मार्ग दाखवणारा माणूस होता. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्वे यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले त्याच १९२१ साली र. धों. यांनी मुंबईत संततिनियमनाचे काम सुरू केले. त्या कामापायी विल्सन कॉलेजातील नोकरीवर पाणी सोडले. पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, त्यापायी अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले आणि दंड भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. गांधींच्या ब्रह्मचर्यविचारावर र. धों. यांनी कठोर टीका केली. स्त्रीलाही कामेच्छा असते, तिने नकार देत बसावे हा उपाय नव्हे, आणि साधन तिच्या हाती असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. गणिताच्या प्राध्यापकाने दिवस मोजण्यापेक्षा रबरी साधनावर भर द्यावा, यात थोडी गंमत आहे. पण न दिसणाऱ्या दिवसाचे गणित त्या साधनाला करावेच लागत नव्हते.

स्वातंत्र्यानंतर सत्ता मात्र वर्ध्याच्या विचाराकडे गेली. पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर. गांधींच्या सहवासात वर्षानुवर्षे राहिलेल्या, त्यांच्या चिटणीस म्हणून काम केलेल्या. कृत्रिम साधनांना त्यांचाही विरोध. १९५१ मध्ये त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेकडे मदत मागितली ती केवळ दिवसगणनेच्या पद्धतीसाठी. संघटनेने डॉ. अब्राहम स्टोन यांना पाठवले. हे सँगर यांचेच जुने सहकारी, हा योगही लक्षात ठेवण्यासारखा. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवण्यात आले. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातील पहिला देश, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या पहिल्या पावलाचा भर होता तो ओगिनोंच्या गणितावर.

प्रयोगासाठी दोन ठिकाणे निवडली गेली: दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम. (पुढे 'शोले'चे रामगढ उभे राहिले तेच हे रामनगरम.) अक्षरओळख नसलेल्या बायकांना कॅलेंडर कसे शिकवायचे? स्टोन यांनी माळ सुचवली. निर्धोक दिवसांचे मणी हिरवे, जोखमीचे लाल. रोज एक मणी सरकवायचा.

कल्पना सुबक होती. घरात शिरल्यावर तिचे काय झाले ते त्या काळच्या वृत्तान्तांत येते. रात्रीच्या अंधारात हिरवा कोणता आणि लाल कोणता ते कळेना, म्हणून मण्यांचे आकार निराळे करावे लागले. काही बायकांनी माळेला ताईत मानले. मणी सरकवला की दिवस राहत नाहीत, असा त्यांचा समज झाला. यावर शहरी वर्तुळांत बरेच हसे झाले. ते अन्यायाचे होते. न दिसणारा दिवस मण्यांत पकडता येतो, असे मानणाऱ्या तज्ज्ञांची श्रद्धा त्या बायकांहून फार निराळी नव्हती.

खरा दोष खोलवर होता, आणि तो समजून घेण्यासाठी हे धोरण ज्यांच्यासाठी आखले त्या गावांकडे वळावे लागते. वर्ध्याहून नागपूर ओलांडून ईशान्येला गेले की भंडारा जिल्ह्याचा तुमसर तालुका लागतो. तेथे सातपुड्याच्या पायथ्याशी, देवगडच्या गोंड राजवटीतील किल्ल्याखाली, आंबागड हे गाव आहे. भातशेतीचा मुलूख. माळेचा प्रयोग येथे झाला नाही. पण योजना यशस्वी झाली असती तर ती अशाच गावांत यायची होती. तेव्हाच्या अशा गावातील स्त्री डोळ्यांसमोर आणावी. विशीच्या आत पहिले बाळंतपण, मग दोन-अडीच वर्षांनी दुसरे, मधल्या काळात अंगावरचे दूध. बाळ दूध ओढत असते तेव्हा प्रोलॅक्टिन वाढलेले असते, मेंदूकडून अंडाशयाला येणारे संकेत मंदावतात आणि पाळी महिनोन् महिने येतच नाही. म्हणजे त्या स्त्रीच्या पंधरा-वीस वर्षांत माळेला जुळतील अशी सलग, नियमित चक्रे फार थोडी.

त्यातही घात असा, की बाळंतपणानंतरचे पहिले अंडमोचन कधीकधी पहिल्या पाळीच्या आधीच होते. पहिला मणी सरकवायला पाळीच आलेली नसते, आणि दिवस राहिलेले असतात. चक्र नियमित असलेल्या, घड्याळ आणि कॅलेंडर असलेल्या, वर्षभराच्या नोंदी ठेवू शकणाऱ्या स्त्रीसाठी बनलेले गणित हे. ते जिला सर्वांत कमी लागू पडत होते, तिच्याच गळ्यात बांधले गेले. त्या रात्री हिरवा मणी असो वा लाल, नकार देण्याची मुभा तिला होती का, हा प्रश्न तर प्रयोगाच्या रचनेतच नव्हता.

प्रयोग फसला. थोड्याच जोडप्यांनी पद्धत स्वीकारली, त्याहून थोड्यांनी टिकवली. दुसऱ्या योजनेपासून इतर साधने पुढे आली, आणि त्यानंतरची नसबंदी शिबिरे, आणीबाणी ही सारी निराळी आणि अधिक कडवट कहाणी आहे. र. धों. कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी गेले. दुसऱ्याच वर्षी मुंबईत परळला गर्भनिरोधक साधनांची चाचणी करणारे छोटे केंद्र सुरू झाले. ज्या शहरात त्यांना दंड झाला तेथेच हे काम सरकारी आश्रयाने होऊ लागले; पाहायला ते नव्हते.

आता त्या न दिसणाऱ्या दिवसाकडे परत येऊ. तो खरोखरच न दिसणारा होता का?

बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉनमुळे शरीराचे तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते आणि पाळीपर्यंत चढलेलेच राहते. अमेरिकेच्या डॉक्टर मेरी पटनम जेकोबी यांनी पाळीच्या चक्राबरोबर तापमान हलते, हे १८७६ सालीच नोंदवले होते. पुढे सकाळी अंथरुणातून उठण्याआधी ताप मोजून आलेख काढण्याची पद्धत रूढ झाली. मात्र हा आलेख गाडी निघून गेल्यावर वाजणाऱ्या घंटेसारखा. बीज सुटून गेले, एवढेच तो सांगतो. शिवाय हिवतापाच्या मुलखात अर्ध्या अंशाच्या चढाला काय अर्थ राहतो?

दुसरे चिन्ह अधिक जवळचे होते. इस्ट्रोजेन वाढू लागते तसा गर्भाशयमुखाचा स्राव बदलतो. आधी चिकट असतो, मग पातळ, पारदर्शक, निसरडा, ताणला तर तार धरणारा होतो. शुक्रजंतूंना वाट मिळते ती याच दिवसांत. अंडमोचन झाले की प्रोजेस्टेरॉन त्याला पुन्हा घट्ट करते. हे चिन्ह आधी दिसते, हा त्याचा मोठेपणा. ऑस्ट्रेलियाचे जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने त्यावर पद्धत उभारली, आणि सत्तरीच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत तिची पाहणी केली. त्यांत भारतातून बंगळूर होते. लोदी कॉलनीनंतर सुमारे पाव शतकाने. निकालाचा पहिला भाग विलक्षण आहे. निरनिराळ्या शिक्षणाच्या, निरनिराळ्या थरांतील स्त्रियांपैकी दहातील नऊंहून अधिक जणींना शिकवणीच्या पहिल्याच चक्रात हे चिन्ह ओळखून नोंदवता आले.

म्हणजे जो दिवस मण्यांत सापडत नव्हता त्याची चाहूल त्या बायकांना स्वतःच्या अंगावरून लागू शकत होती. १९५२ मध्ये त्यांना मोजायला शिकवले गेले. तुम्हांला काय जाणवते, हे विचारले गेले नाही. निकालाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा: चिन्ह ओळखता येऊनही बऱ्याच जणींना दिवस राहिले, कारण जोखमीचा दिवस कळूनही संग टळला नाही. ज्ञान तिच्याकडे होते, निर्णय नव्हता. र. धों. यांनी हेच तीसेक वर्षे छापले होते.

परळच्या त्या केंद्राचे १९७० मध्ये प्रजननसंशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेत रूपांतर झाले. आणि मग काटा उलटा फिरला. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पहिले 'टेस्ट ट्यूब' बाळ जन्मले त्यामागे औषधांनी वाढवलेले नव्हे, तर नैसर्गिक चक्रातील एकच बीज होते. ते नेमक्या वेळी टिपण्यासाठी मातेच्या लघवीतील एलएचची दिवसरात्र, काही तासांच्या अंतराने चाचणी होत होती, आणि ती चाचणी जपानी बनावटीची होती. ओगिनोंचा देश. ते स्वतः १९७५ मध्ये निवर्तले होते. मूल हवे असणाऱ्यांसाठी तो दिवस शोधावा, ही त्यांची इच्छा अशी पुरी झाली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून अशाच तंत्राने एका मुलीचा जन्म झाला. त्या कामात भागीदार होती ती परळचीच संस्था. गर्भ राहू नये म्हणून उघडलेल्या दाराने गर्भ राहावा म्हणून झुरणारी जोडपी आत आली.

आज एलएचची पट्टी औषधाच्या दुकानात मिळते. दुसरी रेघ पहिलीइतकी गडद उमटली की पुढच्या दीड दिवसात बीज सुटण्याचा संभव. संभवच, कारण ती लोंढा दाखवते, बीज नव्हे. अंडाशयात अनेक अपक्व पुटिका साठण्याचा विकार असेल तर एलएच एरवीही चढलेले असते आणि पट्टी फसवते. सोनोग्राफीत पुटिका १८ ते २४ मिलिमीटरपर्यंत वाढताना आणि मग फुटताना दिसते. ओगिनोंना पोट उघडून पाहावे लागे ते आता पडद्यावर. १९९५ मध्ये अमेरिकेतील ॲलन विलकॉक्स यांच्या चमूने २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून दाखवले, की गर्भ राहू शकतो तो एकूण सहाच दिवसांत: अंडमोचनाचा दिवस आणि त्याआधीचे पाच. पुढे त्यांनीच दाखवले, की हे सहा दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आत संपूर्णपणे बसतात ते केवळ तीसेक टक्के स्त्रियांत.

आणि तरीही अंडमोचन झाले की नाही हे पाहण्यासाठी प्रोजेस्टेरॉनची जी रक्तचाचणी लिहून दिली जाते तिला अजून 'एकविसाव्या दिवसाची चाचणी' म्हणतात. ती खरी करायची असते पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. चक्र २८ दिवसांचे असेल तर तो दिवस एकविसावा येतो. ३५ दिवसांचे असेल तर अठ्ठाविसावा. चिठ्ठीवर एकवीस लिहिलेले असते, पस्तीस दिवसांच्या चक्राची स्त्री एकविसाव्या दिवशी रक्त देऊन येते, आणि अहवालात प्रोजेस्टेरॉन कमी निघते.